सहाव्या मिनिटाला

फिलू म्हणते, आधी आली ती तीन चंद्रांची.
मी म्हणतो, नाही, छत्रीवाल्या घोड्याची.
बँडची नावं आम्हाला नीट उच्चारता येत नसत,
कव्हरवर दिसेल ते रेकॉर्डचं नाव.
वास्कोला, सड्यावर, पोर्टाच्या क्वार्टर्समध्ये
आम्ही तिघं: फिलू, आग्नेल, मी.
आणि फिलूच्या घरातला झाकणाचा प्लेअर,
ज्याचं झाकण हाच स्पीकर.

आणायचा कायतान, फिलूचा थोरला भाऊ,
तारवटी, इंजिनरूममध्ये ऑइलर.
जहाज रॉटरडॅमला लागलं की जुन्या बाजारातून
वाट्यावर मासळी घ्यावी तशा उचलायचा.
स्वतः ऐकायचा फक्त तियात्रातली कांतारां.
"चित्र बरें दिसलें, हाडलें," म्हणायचा,
आणि आमच्या मांडीवर ते सगळं टाकून
जेवायला बसायचा.

खाली बंदरात खनिज भरणं चालू असे रात्रंदिवस.
तांबडी धूळ दोरीवरच्या कपड्यांत, भातात, दातांत,
रेकॉर्डच्या खाचांत.
जुन्या गंजीफ्रॉकच्या चिंधीने पुसायचो,
गोल, श्वास रोखून,
तरी सुई टेकली की आधी ऐकू यायचं बंदर
मग गिटार.

बाबा दामोदराच्या सप्ताहात टाळ धरणारे,
चोवीस तास अखंड भजनात उभा राहिलेला माणूस.
एकच गाणं वीस मिनिटांचं आहे, मी ऐटीत सांगितलं
तर म्हणाले, एवढ्यात आमचा गळासुद्धा तापत नाही.
पण एकदा थांबले फिलूच्या दारात,
हातात दुधाची रिकामी बाटली.
आत ड्रम लंगडत चालले होते, निदान आम्हाला तसं वाटे.
बाबांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला,
एकदा. परत एकदा.
"सात," म्हणाले. "रूपक आहे. पँट घातलेला."
आणि गेले दूध आणायला.
त्यानंतर आवाज कमी कर असं ते कधी म्हणाले नाहीत.
फिलू म्हणते, रोज म्हणायचे.

घोड्याच्या दुसऱ्या बाजूला, सहाव्या मिनिटाला, ओरखडा.
ऑर्गन चढत चढत यायचा आणि
शेवटच्या पायरीशी अडकायचा,
तीच पायरी, तीच पायरी, तीच,
मग आग्नेल उठून करंगळीने सुई ढकलायचा
आणि आम्ही एकदम पलीकडे, पावसाच्या आवाजात.
मधे काय होतं यावर वाद.
आग्नेल म्हणे, किंकाळी. फिलू म्हणे, काहीच नाही, शांतता.
ओरखडा कुणी पाडला हे अजून ठरलेलं नाही.
(मी. पण ते फक्त इथं.)

आग्नेल स्विंडनला गेला, पोर्तुगीज पासपोर्टवर.
दिवाळीला फोन करतो, नाताळला मी करतो,
दोघंही गुडघ्यांबद्दल बोलतो.

काल फिलूच्या नातीने शोधून लावलं ते,
फोनवरून, शहाळ्याएवढ्या स्पीकरवर.
स्वच्छ. इतकं स्वच्छ की बंदर नाहीच त्यात.
पाचवं मिनिट सरलं.
माझी करंगळी उचललेली. पाहिलं तर फिलूचीही.
ऑर्गन आला, चढला, थांबला नाही,
उघड्या दारातून माणूस जावा तसा गेला.
मधे होती एक साधी पायरी.
आधीच्यांसारखीच.
नात विचारत राहिली, का हसताय, का हसताय,
आणि फिलू हसत नव्हती.

कायतान कोपऱ्यात, ऐंशीचा.
कान केव्हाच इंजिनांनी नेले.
आमचे चेहरे बघून उठला,
स्पीकरवर पंजा ठेवला, तेलाने काळवंडलेली नखं अजून तशीच,
डोळे मिटून बराच वेळ उभा.
"इंजीन बरें चलता," म्हणाला.
"खंयच्या बोटीचें?"