काळी एक

चाळीस वर्षं पियानो लावले मी हल शहरात,
चर्चमधले, शाळांमधले,
आणि विधवांच्या बैठकीतले, ज्यांवर फक्त फोटो बसायचे.
त्यामुळे सुई टेकल्या-टेकल्या कळलं,
लॅम्पट्रिमर्सनी पट्टी उतरवली आहे.
पांढरी तीनचं गाणं आता काळी एकमध्ये.
दीड स्वर.
एवढंच अंतर, बावीस आणि बाहत्तरमध्ये.

झालं होतं असं.
करारावर सह्या केल्या तेव्हा पोरं कोवळी,
वकील म्हणजे बासवाल्याचा मामा, तोही दुपारपासून प्यायलेला.
गाणी यांची राहिली, गाण्यांचा आवाज गेला कंपनीकडे.
मग पन्नास वर्षांनी हेच चौघे
(तिघे; ड्रमवर आता रॉडीची मुलगी)
आपलंच घर रस्त्यावरून न्याहाळत, मापं घेत
पलीकडच्या प्लॉटवर तसंच्या तसं बांधायला बसले.
खिडकीला खिडकी, कडीला कडी.

मी दोन्ही लावतो. जुनी, मग नवी, मग पुन्हा जुनी.
शेजारच्या मिसेस ओलाडिपो भिंतीवर टकटक करतात :
अहो, तेच तेच काय!
तेच नाही हो, बाई.
जुन्या तबकडीत ‘धक्का नंबर सात’च्या शेवटी
गिटार विझता विझता एक खुर्ची करकरते.
आम्ही दोघे भाऊ त्या खुर्चीवरून किती भांडलो असू.
विल्फ्रेड म्हणायचा, रॉडी उठला.
मी म्हणायचो, डेन्झिल बसला.
नव्यातही करकरते खुर्ची.
मुद्दाम. तालात.
आधी रागच आला, अपघाताची कोण तालीम करतं?
तिसऱ्यांदा ऐकताना दिसलं :
तीन म्हातारे स्टुडिओभर बसून-उठून बघतायत,
ही नाही, हीपण नाही,
आणि ती मुलगी विचारतेय,
बाबा कोणत्या खुर्चीत बसायचे?

डेन्झिलचा आवाज आता चढत नाही.
ज्या ओळीवर तो उडी मारायचा
तिथून कठडा धरून उतरतो, पायरी पायरी,
आणि खाली पोचल्यावर श्वास घेतो.
तो श्वास त्यांनी पुसलेला नाही. बरं केलं.
जुना पियानो मूळ सुराला ओढून आणायला गेलं
तर तार तुटते, कधी कधी डोळ्याशी येते.
तेव्हा गिऱ्हाइकाला सांगावं लागतं :
थोडा खालीच लावतो,
पण आपसात जुळवून देतो.

आपसात.
विल्फ्रेड पर्थला गेला त्याला एकोणचाळीस वर्षं.
आईच्या घराचे पैसे, आणि मी बोललेलं एक वाक्य.
अल्बम दोघांचा, निम्मे निम्मे पैसे घातलेले,
त्याचे मासळीबाजारातले, माझे पेपर टाकण्याचे.
कोणी सोडेना.
शेवटी त्याने कव्हर नेलं, तबकडी मी ठेवली.
हसू नका. माणसं याहून बावळटपणे देश वाटून घेतात.
तेव्हापासून ती उशीच्या अभ्र्यात राहते.

नव्याच्या कव्हरवर तोच धक्का, तीच भिंत,
तिघे उभे, मधे एका माणसाइतकी जागा सोडून.
आज जुनी तबकडी मी त्यात सरकवली. बसली.
आता नवी उघडी पडली,
आणि तिच्या मापाचं एकच रिकामं कव्हर
मला या जगात ठाऊक आहे.

पोस्टातली मुलगी फॉर्म भरते.
आत काय? तबकडी.
फुटणारी? हो.
दोन्ही आडनावं एकच बघून ती मान वर करते,
चिठ्ठी घालायचीय का, म्हणते, आणि पेन पुढे सरकवते.
मी नुसता उभा. मागे रांग खोकते.
मग लिहितो :
शेवटची खुर्ची ऐक.
रॉडीच असणार.