दोनशे दहा

नवा डॉक्टर केपटाउनच्या बोटीने आलेला.
म्हणाला, "घरात आणखी कुणाला दमा?"
मी खिडकीतून हात केला :
ते घर, ते घर, आणि ते लाल पत्र्याचं.
बेटावर आडनावं मोजून सात-आठ,
धाप सगळ्यांत.

नळी तोंडात धरून फुंकलं.
काटा दोनशे दहापर्यंत गेला
आणि ओल्या वाळूत होडी रुतावी तसा बसला.

प्रेडनिसोलोन. आठ गोळ्या, सकाळी एकदम, पाच दिवस.
घशात जाईतो जिभेवर गंजक्या किल्लीची चव.
"लगेच बरं वाटणार नाही.
पंप नळ्यांभोवतीची मूठ सैल करतो,
ही आतून सुजलेल्या भिंती उतरवते. तिला तास लागतात."
एवढं मला कळतं.
भिजलेली लोकर मीही रोज वाळत घालते.

पहिल्या रात्री काही नाही.
कोपरं टेबलावर टेकून
श्वास विणत बसले, दोन सुलट एक उलट,
आणि दर ओळीला एक टाका सुटत होता.

दुसऱ्या दिवशी दोनशे साठ.
तिसऱ्या पहाटे खोकल्यातून
डिंकाच्या दोऱ्यासारखं काही निघालं
आणि त्याच्या मागून वारा आत शिरला,
पार तळाशी,
जिथे जूनपासून कुणी गेलं नव्हतं.
तीनशे दहा.

भूक मात्र अशी की
लिंडनने बियाण्याला ठेवलेले बटाटे
रात्री दोनला उकडून, मीठ लावून, उभ्यानेच खाल्ले.
झोप नाही म्हणून चुलीमागची भिंत घासली,
त्याचे मोजे उसवले, परत विणले.
सकाळी तो नुसतं "बटाटे?" म्हणाला
तर असं काही ओरडले
की कुत्रं उठून बाहेर गेलं.
एवढं ओरडायला हवा किती लागते
हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं.
तो हसला. मी नाही.

आईला याच गोळ्या होत्या, पाच दिवस नाही, एकोणीस वर्षं.
फोटोत चेहरा गोल, चकाकता.
बोटीवरचे पाहुणे म्हणायचे, तब्येत सुधारली.
पाण्याची बादली उचलताना तिचा मणका मोडला.
श्वास शेवटपर्यंत चांगला होता.

पाचव्या दिवशी तीनशे ऐंशी.
बटाट्याच्या वाफ्यांकडे जाणाऱ्या चढावर
नेहमीच्या दगडापाशी थांबले.
थांबायची गरज नव्हती, तरी थांबले,
समुद्राकडे पाहिल्यासारखं केलं.

परतताना एडविनाकडे
बियाणं उसनं मागायला गेले.
दार वाजवायच्या आधीच
आतून तिच्या धाकट्याची शिट्टी ऐकू आली,
ओठांची नव्हे.

नळी एप्रनच्या खिशात होती.
मी आधी स्वतः फुंकून दाखवलं.