रिकव्हरी

रात्री दीडला उम्म अल-कुवैनच्या पट्टीवर
छत्तीस डिग्री. हवा ओल्या फडक्यासारखी.
खल्फान म्हणतो, गरम हवेत टर्बोला धाप लागते,
सकाळी मोजलं असतं तर आकडे वेगळे आले असते.
ऑगस्टात सकाळ कधी असते, हे मी त्याला विचारत नाही.

पिवळी त्याची. राखाडी आतेभावाची, राशिदची.
दोन्ही शारजाहून माझ्या ट्रकवर आल्या,
एक वर, एक खाली, चाकांना पट्टे आवळून,
शिमग्यात देव निघतात तशा,
स्वतः एक पाऊल न चालता.

मोजणी माझ्याकडे आणि इद्रीस परकारकडे.
तो मंडणगडचा, मी खेडचा;
ओळख झाली ती इथे, टायरच्या दुकानात.
तो सुरुवातीच्या रेघेवर, मी दोन किलोमीटरच्या खांबापाशी,
मध्ये चालू फोन आणि अंधार.

पिवळी सुटली म्हणेपर्यंत ती तिथे नव्हतीच.
शून्य ते शंभर, तीन पूर्णांक एक.
इद्रीस कानात ओरडला, "गोळी रे, गोळी!"
राखाडीच्या बाजूला वाळूचा पातळ थर होता.
आधी जागच्या जागी चाकं घासली,
मग धूर, मग एक अडखळ, मग कुठे रस्ता धरला.
चार पूर्णांक चार.

फरक एक पूर्णांक तीन सेकंदांचा.
एवढ्यात मी नट ढिला करू शकतो,
काढू शकत नाही.
एवढ्यात फोनवर आमच्या आईचं 'कोण?' होतं,
माझं 'मी' व्हायचं राहतं.

पण मी उभा होतो तिथून गोष्ट वेगळी दिसली.
पहिली आली ती राखाडी.
पिवळी कुठेतरी मध्येच मागे पडली होती,
माझ्यासमोरून गेली तेव्हा दोनशे अडुसष्ट,
आवाज बारीक झालेला,
सगळं बोलून झालेल्या माणसाचा होतो तसा.
राखाडी तीनशे एक.
आणि अजून चढत होती, तेवढ्यात पट्टी संपत आली,
पुढे कुंपण, पुढे कुणाच्यातरी प्लॉटची पाटी, पुढे वाळू.
ब्रेकचे दिवे इतका वेळ लाल राहिले
की मी श्वास घ्यायचं विसरलो.

तिचा खरा वेग किती, ते कुणालाच कळलं नाही.
पुस्तकात तीनशे तीस लिहिलंय.
पुस्तकातल्या रस्त्याला शेवट नसतो.

मग करक चहा, कागदी कपात, बॉनेटपासून लांब धरून.
खल्फान म्हणाला, गावात एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंतच जायचंय,
तीनशे घेऊन करतोस काय?
राशिद म्हणाला, सिग्नलवर गाडी थांबवतात ते लोक वेगळे.
दोघं हसले. मग आमच्याकडे वळले,
जणू आम्ही तिथे नुकतेच आलो होतो.
"तुम्ही सांगा. कुठली?"

इद्रीस म्हणाला, पिवळी.
माणसाला जागेवरून सुटता आलं पाहिजे,
बाकीचं रस्ता किती लांब त्यावर.
दोन वर्षांसाठी आला होता तो. यंदा एकोणीस झाली.
मी राखाडी म्हणालो.
कारण विचारलं, तर नीट सांगता येईना.
ती जाताना माझ्या शर्टाची बटणं हलली,
एवढंच म्हणालो, तेही हिंदीत,
आणि हिंदीत ते अगदीच येड्यासारखं वाटलं.

साडेतीनला गाड्या परत चढवल्या.
टायर इतके तापलेले की पट्ट्यांना जळका वास.
ऐंशीच्या वर काटा गेला की माझा ट्रक ओरडतो, टी टी टी,
म्हणून ऐंशी.
वर पिवळी, खाली राखाडी, उजवीकडची लेन
कडेच्या दिव्यांचे ठिपके दोघींवरून सारख्याच सावकाश सरकत होते.

इद्रीस झोपला होता, तोंड उघडं.
मांडीवरच्या फोनमधलं घड्याळ थांबवायचं राहिलेलं.
एक तास सत्तावन्न मिनिटं, अडतीस सेकंद,
एकोणचाळीस.
अजमानच्या अलीकडे एक मासळीचा टेम्पो
हॉर्न देत आम्हाला मागे टाकून गेला.