आठ वर्षांचा हिशेब

फरक दोन लाख दहा हजारांचा.
लाइट बिलाच्या पाठीवर मांडून पाहिलं:
सातारा ते मेढा, मेढा ते सातारा,
लोकांचं रक्त तपासायला
रोज अठ्ठेचाळीस किलोमीटर,
रविवार-सणवार वगळून,
पेट्रोल एकशे पाच धरून,
हायब्रिडचे जादा पैसे वसूल व्हायला आठ वर्षं.
आठ वर्षांनी तात्या चौऱ्याऐंशीचे.
हे बिलावर लिहिलं नाही.

शोरूमचा श्रीतेज म्हणाला, "चालू केलीय, मॅडम."
तात्यांनी दार उघडून पुन्हा आपटलं.
"कुठं चालू? बॅटरी उतरली असंल.
आणि प्लग कुठंय हिचा?"
"प्लग नाही काका. चालता चालता भरते."
तात्यांनी माझ्याकडं पाहिलं,
हे पोरगं कुणाला गिऱ्हाईक करतंय, अशा नजरेनं.

एसटीत एकतीस वर्षं.
डावा कान बॉनेटनं खाल्ला.
डेपोत डिझेल वाचवणाऱ्यांच्या फळ्यावर
खडूनं: फडतरे डी. बी., दोनदा पहिला नंबर.
गुपित घरात सगळ्यांना ठाऊक,
बामणोलीहून येताना
यवतेश्वरचा उतार न्यूट्रलमध्ये.
साहेबाला कळतं तर घरी बसवलं असतं.

त्याच घाटात गाडी चढाला लागली
तसं इंजिन जागं झालं,
गरजेपेक्षा जरा जास्तच ओरडलं.
तात्या खूश. "हां. आता बोलली."
शेजारच्या सीटवर बसून
नसलेला क्लच दाबत होते डाव्या पायानं.

वरून वळवली.
पाय उचलला मी, आणि स्क्रीनवरचा बाण उलटा झाला,
चाकांकडून बॅटरीकडं.
एकेक हिरवी कांडी भरत गेली.
तात्या चष्मा वर सरकवून बघत राहिले
समर्थ मंदिर येईपर्यंत.
मग म्हणाले,
"म्हणजे आपण उतार वाया घालवला होय."
"वाया कुठं? फळ्यावर नाव आलं की."
हसले नाहीत.

राजवाड्यापाशी गर्दीत थांबलो. इंजिन बंद.
मागं श्रीतेज वॉरंटीचं काहीतरी सांगत होता.

आमच्या घरात तात्या ओरडूनच बोलायचे,
मीठ मागायलासुद्धा.
राग आहे, असं धरूनच आम्ही मोठे झालो.
इंजिनाच्या वरून बोलायची सवय,
एवढंच असेल बहुतेक.

आता इतकं हळू बोलले
की मला विचारावं लागलं, काय?

"पांढरी नको घेऊ," म्हणाले.
"दवाखान्याची वाटते."