दिवसभर नऊ

पुन्ता अरेनासला जूनमध्ये दहाशिवाय उजाडत नाही.
हिमेना ओयार्सून आठलाच फाइल उघडते:
दीपगृह सान लाउरो, नोंदवही सातवी,
पानं चारशे अठरा, वजन नव्वद एमबी.
स्कॅन करणाऱ्यानं घाईत पानं तिरकी ठेवलीत,
एकसष्टाव्या पानावर त्याचा अंगठाही आलाय,
नखासकट.
असू दे. कुणाचा हात लागल्याशिवाय
कुठलं पान इथवर आलंय?

काम सोपं, म्हणजे किचकट:
यंत्रानं वाचलेलं माणसानं पुन्हा वाचायचं,
चुकलं तिथे पिवळं करायचं, शेजारी चिठ्ठी डकवायची.
यंत्र पेंगत पेंगत वाचतं.
स्पॅनिशमध्ये हिम आणि नऊ यांच्यात
जेमतेम एका अक्षराची तफावत,
तेवढ्यात त्याचा पाय घसरतो:
'पहाटेपासून नऊ. दुपारी नऊ थांबलं.
रात्री पुन्हा नऊ, खिडकीच्या अर्ध्यापर्यंत.'
ती नऊ खोडते, हिम लिहिते.
तिच्या नावातच एक हिम आहे
हे तिला कुणी सांगितलेलं नाही;
ते फक्त मराठी कानाला ऐकू येतं,
आणि मी तिथे नाही.

तिच्या आधी हे काम एलिएसेर मान्सियाकडे होतं.
दोनशे अकराव्या पानापर्यंतच्या चिठ्ठ्या त्याच्या.
बाण वर नेला की नाव उमटतं, तारीख, वेळ:
रात्रीचे दोन, सव्वादोन,
एकदा चार वाजून सात.
'ही शाई नाही, चहा आहे.'
'यंत्रानं वाऱ्याचं पोट केलं. पश्चिमेकडून जोरदार पोट.
तसं हेही खोटं नाही, महिनाभर बोट आली नव्हती.'
आणि शेवटची:
'पुढे येणाऱ्यासाठी. इथून शाई पाठीमागे उतरली आहे,
दोन्ही पानं एकदम बोलतात. स्क्रीनचा उजेड कमी कर.
आणि पेन्सिलीकडे बघ.'
पुढे एकही चिठ्ठी नाही.
तो कुठे गेला, तिनं विचारलं होतं.
ऑफिसात कुणी कॉफी ढवळली,
कुणी खिडकीबाहेर पाहिलं, जिथे काहीच दिसत नव्हतं.

पेन्सिल सापडली दोनशे छत्तिसाव्या पानावर,
शिवणीलगत, जिथे वही पुरती उघडलीच नव्हती.
पाचशे टक्के मोठं केल्यावर
राखेसारखी फुटलेली अक्षरं.
चौकटीत शाईनं: 'दिवा रात्रभर चालू. विशेष काही नाही.'
समासात त्याच हाताचं, पण बसकं:
'तीनला विझला. मी झोपलो होतो.
जहाज कुठलं गेलं नाही.
मला वाटतं, गेलं नाही.'

यंत्राला विचारावं तर ते सांगतं,
शून्य ठिकाणी आढळलं.

शुक्रवारी सान्तियागोहून निरोप: प्रत स्वच्छ करून पाठवा.
मेनूत दोन वाटा.
टिपा पानात मुरवा, मग त्या हलत नाहीत, उघडत नाहीत,
कुणी लिहिलं ते सांगत नाहीत.
किंवा सगळ्या काढून टाका.
हिमेना आधी मान्सियाच्या शेवटच्या चिठ्ठीखाली
उत्तराची चौकट उघडते, लिहिते: 'बघितली.'
खाली तिचं नाव येतं, नऊ वाजून चाळीस.
मग ती फाइल दुसऱ्या नावानं ठेवून देते,
नाव काय, ते तिच्यापाशी.

आणि पहिल्या फाइलवर: काढून टाका.
खात्री आहे का?
अकराशे बासष्ट चिठ्ठ्या, पापणी लवायच्या आत.
पानं पुन्हा तिरकी, मळकी, ज्याची त्याची.
अंगठा तसाच. पेन्सिल तशीच,
ती पडद्यावर नव्हतीच कधी,
कागदावर होती.

एक नऊ मात्र तिनं राहू दिलं,
तीनशे चौथ्या पानावर:
'दिवसभर नऊ. कोणी आलं नाही.'
सान्तियागोला ते कुणी तपासलंच
तर पिवळं करील.

बाहेर आता थोडं फटफटतंय.
ती स्क्रीनचा उजेड
परत वाढवायला विसरते.