किलोचा भाव

मंगळवारी बेलिसारियो येतो,
एक पाय बुटात, एक प्लास्टिकच्या पिशवीत.
चिलीच्या या किनाऱ्यावर वाळवंट थेट पाण्यात उतरतं.
झाड म्हणावं असं जे काही, ते समुद्राच्या आत.
हुइरो म्हणतात त्याला:
काळपट, चिवट, माणसाहून लांब,
लाटेत केस मोकळे सोडून डोलणारं.

बेचाळीस वर्षं त्यानं ते काढलं.
पहारीनं खडकापासून सोडवायचं,
खांद्यावरून ओढत आणायचं,
वाळूवर पसरायचं, उलटायचं, गठ्ठे बांधायचे,
मग ट्रकवाल्याशी वजनावरून भांडायचं.
ट्रक कुठे जातो, कधी विचारलं नाही.
मुलीची फी, बोटीचं इंजिन,
एकदा पुढचे दोन दात,
सगळं त्या गठ्ठ्यांतून.

आता रक्तात साखर. टाचेला जखम,
तळाशी ओली, कडेनं पांढुरकी,
सात महिने न मिटणारी.
सुकलेला कापूस काढताना
दर वेळी थोडा बेलिसारियो सोबत यायचा
आणि तो छताकडे बघत
बुडालेल्या बोटींची नावं म्हणायचा.

या खेपेला पेटीतून नव्या पट्ट्या आल्या,
पिंजलेल्या लोकरीसारख्या.
मी एक हलकेच बसवली.
म्हटलं, "ही हुइरोची आहे."
त्यानं उरलेला तुकडा हुंगला.
"कसलाच वास नाही. थापा मारतेस, मिरेया."
मी पाकिटावरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं:
अल्जिनेट. समुद्री शेवाळापासून.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "किलोला काय भाव?"

मला माहीत होता.
मी कात्री शोधत राहिले.

शुक्रवारी सोडलं, तर पट्टी नव्हतीच.
जखमेतलं पाणी पिऊन तिचा गर झालेला,
ओहोटी खडकावर सोडून जाते तसा चकाकता.
मिठाचं पाणी ओतलं, सुटला, घरंगळला.
ओढावं लागलं नाही.
एकाही बोटीचं नाव निघालं नाही.

तो तसराळ्यात वाकून बघत होता.
"हे कुठे जाणार?"
"मोरीत."
"आणि मोरी?"
खिडकीबाहेर धुक्याखाली भरती लागली होती.

"म्हणजे माझ्याआधी पोचणार," तो म्हणाला.
पिशवी पायावर चढवली, गाठ मारली.
"पहार जावयाला दिलीय मी.
सांगतो त्याला, कोवळं ठेव म्हणून.
ही टाच काही
या वर्षात भरायची नाही."