समासात

'मिठाचा चंद्र' आला तेव्हा वाचनालयाचे सभासद नऊशे होते
आणि माझे गुडघे वर्गणी न मागता चालत होते.
'गोडं पाणी' आलं अकरा वर्षांनी,
तेव्हा एकशे ब्याऐंशी.
(सभासद. गुडघ्यांचं पुन्हा कधी.)

दोन प्रती आणल्या अप्पा बळवंत चौकातून,
वीस टक्के सूट, वर एक कॅलेंडर.
पहिलीला खाकी कव्हर घालतोय तोवर दारात बारा माणसं.
एरंडवण्यात एवढी माणसं मी
फक्त टँकरमागे उभी पाहिलीत.

पहिल्या भागाच्या शेवटी सगळे निघून जातात,
शर्वाणी एकटी उरते चंद्रावर,
रेडिओवर आकडे मोजत.
चारशे दोन. चारशे तीन.
पुढचं पान कोरं.
त्या कोऱ्या पानावर लोकांनी अकरा वर्षं
आपापलं काय काय ठेवलं होतं
मला तरी कुठे ठाऊक.

दुसऱ्या भागात, पान एकतीस,
दार उघडतं आणि बाई बाहेर येतात
अंगावरचं मीठ झटकत.

गद्रे पहिले. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं.
नासलेलं दूध परत करावं
तसं पुस्तक टेबलावर ठेवलं.
"एवढा प्राणवायू पुरत नाही हो. मी हिशेब केलाय."
केलाच होता, पेन्सिलीनं, समासात,
एकतीस ते चव्वेचाळीस, हातच्यांसकट.

समासात लिहू नये असं मीच लिहून लावलंय.
पण दंड कोणत्या तोंडानं करू,
रात्री कुलूप लावायच्या आधी
मी तेच वाचत बसतो.

गद्र्यांच्या खाली निळ्या शाईत, गोल अक्षर :
"निपचित पडून राहिली असेल तर पुरतो.
आमच्या वॉर्डात पुरलाय."
ही शबाना मुलाणी, रात्रपाळीची नर्स.
पुस्तक डब्याशेजारी ठेवते,
पन्नासाव्या पानाला अजून लसणाचा वास आहे.

कुडल्यांच्या ओजसनं पहिला भाग वाचलेलाच नाही.
"कळतं की. कोणीतरी अडकलं होतं, सुटलं."
दोन दिवसांत फडशा, आणि तिसरा कधी?
गद्रे म्हणाले, तू वाचलं नाहीस, गिळलंस.
तो म्हणाला, हो.

पोंक्षेबाईंना भाषा सैल वाटली.
धुमाळ कंडक्टर म्हणाले, सातवं प्रकरण
उगाच थांब्यावर थांबतं,
ना कोणी चढत, ना उतरत.

मग पुस्तक केंजळेबाईंकडे गेलं
आणि सहा आठवडे आलंच नाही.
यादीतले चिडले. मी फोन केला नाही.
'मिठाच्या चंद्रा'च्या कार्डावर त्यांचं नाव नऊदा आहे,
आणि केंजळे स्कूटरमध्ये हवा भरायला गेले
ते अजून
आलेले नाहीत, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

आल्या. दंड सुटा मोजून दिला.
आवडलं का, मी विचारलं.
जीभ चावली, पण विचारून झालं होतं.

"ती आली ना घरी," बाई म्हणाल्या,
"तर एवढे दिवस कुठे होतीस,
हे तिला कोणी विचारतच नाही.
सरळ चहा टाकतात.
तेवढं खोटं वाटलं."

छत्री उघडली, मिटली. बाहेर ऊन होतं.

"तेवढंच पुन्हा पुन्हा वाचलं."

गद्रे कोपऱ्यात पेपर वाचत होते,
निदान पेपर तोंडासमोर होता.
बाई जिना उतरून जाईपर्यंत त्यांनी पान उलटलं नाही.
मग टेबलाशी आले, म्हणाले, ते 'गोडं पाणी' द्या पुन्हा.
एक हातचा बघायचा राहिलाय.

दुसऱ्यांदा नेलं की पाच रुपये जादा.
नियम आहे.
घेतले.